भांड्यांच्या मशीनमधली अंडी

आमच्या घरमालकीणबाईंनी भांडी धुवायच्या मशीनमध्ये अंडी घातली तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. वरच्या जाळीत दोन, खालच्या जाळीत दोन. साबणाची पावडर नाही की एक चमचा नाही, नुसती अंडी. दार लावून त्यांनी बटण फिरवलं आणि मला विचारलं, "तू कशी खातेस? बलक वाहता की घट्ट?"

मी म्हटलं, "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"माझी बरी आहे. हिची बघायचीय," म्हणाल्या, आणि मशीनसमोर खुर्ची ओढून बसल्या.

मी साताऱ्याकडची. आमच्याकडे तोंडावर बोलायला कोणी कचरत नाही. पण त्या दिवशी मी तशीच जिना चढून वर गेले आणि नवऱ्याला म्हटलं, आपण राहतो ते घर एका वेड्या बाईचं आहे. तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, "हे तुला आज कळलं?"

खरंच, आज कळायचं काही कारण नव्हतं. निर्मळ गावातल्या त्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेलो तेव्हाच पहिला धक्का बसला होता. मागं केळीची वाडी, पुढं मोगऱ्याचे ताटवे, मधोमध कौलं काढून स्लॅब टाकलेलं घर, आणि खाली एकट्या बाई. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून सगळ्या गावाच्या त्या बाई. भावकीतल्या माणसांशी घरच्या बोलीत भराभरा बोलायच्या, ते मला अर्धंही कळायचं नाही. माझ्याशी मात्र फळ्यावर लिहिल्यासारखं. किल्ली हातात देताना म्हणाल्या, "एकच अट. या घरात काही फुटलं, जळलं, मोडलं, मी पडले, झडले, तरी पुण्याला फोन करायचा नाही. बाकी राहा कशीही."

पुण्याला त्यांचा एकुलता एक मुलगा. आदल्या वर्षी न्हाणीच्या चुलीतला निखारा बाईंच्या पायाखाली आला होता, पाय चांगलाच भाजला आणि जखम चिघळून दवाखान्यात राहावं लागलं. तेव्हा मुलगा म्हणाला होता, की आता पुन्हा काही झालं तर मी घराला कुलूप लावणार आणि तुला घेऊन जाणार. "त्याला निमित्त हवंय," बाई म्हणाल्या. "मी देणार नाही. तूही देऊ नकोस." आता मला सांगा, कुठली घरमालकीण भाडेकरूला असली अट घालते? पण घर हवेशीर होतं आणि विहिरीचं पाणी गोड. आम्ही हो म्हटलं.

बाईंच्या एकेक तऱ्हा बघून मी रोज नव्यानं गार व्हायचे. चहा केला की कपावर साय धरेपर्यंत त्या ओठाला लावायच्या नाहीत. मी म्हणायचे, बाई, हा चहा राहिला नाही, हे औषध झालं. त्या म्हणायच्या, साय धरली म्हणजे पिण्यालायक झाला, नियम म्हणजे नियम. आंघोळीच्या बादलीत शाळेच्या प्रयोगशाळेतला लांबलचक तापमापक सुतळीला बांधून सोडलेला असायचा. घरात पायात कॅनव्हासचे बूट. तुळशीपुढं दिवा लावतानासुद्धा बूट! शेजारच्या म्हाताऱ्या बायका याच्यावर बोलून बोलून थकल्या. चालताना बाई सारखं पायाकडं बघायच्या, मी म्हणायचे काही हरवलंय का, तर म्हणायच्या, "पाय जागेवर आहेत का बघते."

आणि एकदा बोललेलं चुकीचं निघालं की बाईंना झोप यायची नाही. त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नाला मी त्यांच्याबरोबर गेले होते. मुहूर्ताला थोडा अवकाश होता, मांडव गच्च भरलेला. बाई तडक नवरदेवासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नववीत तुझं एक उत्तर मी चूक दिलं होतं. ते बरोबर होतं. काल पुस्तक चाळताना लक्षात आलं." नवरदेवाला मुंडावळ्या सावराव्यात की बाईंच्या पाया पडावं कळेना. मुलीकडच्या एका काकांना वाटलं, काहीतरी जुनं लफडं बाहेर येतंय, ते खुर्चीतून उठूनच आले. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र हलक्या झाल्यासारख्या पंगतीत बसून दोन वेळा आमटी मागून जेवल्या.

अशा बाईंनी एके दिवशी भांडी धुवायचं मशीन आणलं. परदेशी निघालेल्या कुठल्याशा कुटुंबाकडून घेतलेलं, जुन्या पद्धतीचं, बटण फिरवायचं. टेम्पोतून ते उतरलं तेव्हा अर्धी आळी कुंपणाशी जमली. अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी टोपली खाली ठेवून तोंडावर हात घेतला. "बाय, तू एकटी, तुजी भांडी चार. त्यांना यवढी मशीन? पानी तरी किती पिते ती?"

"तुझ्या जिभेपेक्षा कमी चालते," बाई म्हणाल्या. मावशी खो खो हसल्या आणि जाताना दोन बोंबील जास्त टाकून गेल्या.

मशीनलाही बाईंनी शिस्त लावली. मासळीची भांडी खालच्या जाळीत, दुधाची वरच्या. सोमवारी घरात मासळी नाही, म्हणून रविवारी दुपारी मशीन रिकामं चालवायचं, आत लिंबाची सालं टाकून. विज्ञानाच्या बाई आणि मशीनला सोवळं! मी हसले तर म्हणाल्या, "शास्त्र माझं. सोमवार सासूबाईंचा. त्या गेल्या, सोमवार राहिला." मलाही त्यांनी सांगून ठेवलं होतं, की तुझे डबे आणून देत जा, अर्धं मशीन चालवणं पाप आहे. मी काय, आनंदानं देत होते.

एका संध्याकाळी माझ्या ऑफिसच्या डब्याचं झाकण मशीनमधून पापडासारखं वाकडं होऊन बाहेर आलं. बाई म्हणाल्या, डबा हलका होता. मग त्यांचे काचेचे पेले तडकले. म्हणाल्या, जुने होते. मग एक दिवस मी स्वतः मशीनचं दार उघडलं, तर वाफेचा असा लोट आला की मी दोन पावलं मागं उडाले. आतलं पातेलं काढायला गेले आणि हात झटकत किंचाळले. मी म्हटलं, "बाई, हे मशीन भांडी धूत नाही, शिजवतंय!"

बाई शांतपणे जवळ आल्या, पातेल्याकडं बघितलं, हात लावला नाही. म्हणाल्या, "तपासावं लागेल."

"तपासायचं काय त्यात? हात लावून बघा ना!"

"हाताला काय कळतं?" एकदम बाईंचा वर्गातला आवाज लागला. आणि खोटं सांगत नाही, तिथल्या तिथं त्यांनी ओट्यावर तीन भांडी मांडली. एकात गरम पाणी, एकात माठातलं गार, मधल्यात कोमट. माझा एक हात गरम पाण्यात, एक गारमध्ये बुडवून ठेवला, मग दोन्ही हात कोमट पाण्यात घालायला लावले. एका हाताला ते पाणी गार लागलं, दुसऱ्याला गरम. "बघ. पाणी एकच, आणि तुझेच दोन हात दोन साक्षी देतात. अशा साक्षीदाराला मी घरात घेत नाही." मी कोपरापर्यंत ओल्या हातांनी उभी.

मेकॅनिक बोलवायलाही त्या तयार नव्हत्या. मेकॅनिक येतो, अंदाज करतो, अंदाज चुकला की दुसरा करतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी एकेक कारण बाजूला काढायला सुरुवात केली. आधी बोअरचं पाणी बंद करून विहिरीचं लावलं, वाफ तशीच. मग पावडर बदलली, वाफ तशीच. मग विजेचा दाब मोजला. आणि मग ती अंडी.

"या मशीनचं पाणी साठ-पासष्टच्या पुढं जायला नको," त्यांनी मला समजावलं. "तेवढ्यात पांढरं जेमतेम धरेल, बलक वाहता राहील. जास्त तापलं तर अंडं सांगेल."

मशीन थांबलं. बाईंनी चिमट्यानं अंडी काढली, गार पाण्यात टाकली, बराच वेळ थांबल्या आणि एक अंडं सोलून सुरीनं मधोमध कापलं. बलक खडखडीत घट्ट, कडेनं हिरवट काळी रेघ. पार उकडून निघालेलं अंडं! "अंडं खोटं बोलत नाही," बाई म्हणाल्या. मग मीठमिरी लावून आम्ही दोघींनी ती चारही अंडी खाल्ली. भांड्यांच्या मशीनमध्ये उकडलेलं अंडं खाल्लेली निदान तालुक्यात तरी मी पहिलीच असेन.

दोष कुठं आहे ते बाईंनी दुसऱ्या दिवशी शोधून काढलं. मशीनचा प्लग काढला, नळ बंद केला, खालची पत्र्याची पट्टी उघडून टॉर्चनं आत बघितलं. तिथं तळाला एक बटणाएवढी चकती होती, तिला दोन वायरी. हाच थर्मोस्टॅट. पाणी हवं तेवढं तापलं की ही चकती हीटरची वीज तोडते. वायरी सोडवून ती काढून दिली मी, कारण बाई म्हणाल्या की त्यांना वाकवत नाही. त्यांच्याकडं वीज आरपार गेली की वाजणारा मीटर होता. चकती गार असताना मीटर वाजायला हवा, गरम झाली की गप्प व्हायला हवा. बाईंनी चकती चिमट्यात धरून उकळत्या पाण्यात सोडली, आणि मीटर आपला वाजतोय तो वाजतोच आहे. चकती आतून चिकटली होती. हीटर बंदच होत नव्हता.

"सापडली," बाई म्हणाल्या. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता. मला तेव्हा कौतुक वाटलं. अशी हुशार बाई, या वयात, एकटी, कुणाची मिंधी नाही. मुलगा कशाला मागं लागलाय हिच्या, असंच मला वाटत होतं.

नवी चकती आणायला आम्ही माझ्या स्कूटरवरून सातिवलीला गेलो. तिथं गाळ्यांच्या रांगेत एक जण जुनी मशीनं मोडून त्यांचे भाग विकायचा. पोरगेलासा माणूस, कानाला फोन लावलेला. त्यानं डब्यातून चकती काढली, आकडा जुळवला आणि म्हणाला, "एकदम सेम पीस आहे मॅडम. डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकून मी झोपते, वस्तू घेत नाही," बाई म्हणाल्या. "उकळतं पाणी मागव."

"पाणी? चाय मागवतो ना."

"चहा नको. पाणी. खळखळ उकळलेलं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, म्हणजे भाऊ, मागव, हे असंच आहे. समोरच्या चहावाल्यानं पातेलंच आणून टेबलावर ठेवलं, पाणी अजून बुडबुडत होतं. बाईंनी पिशवीतून मीटर काढला, चकतीला चाप लावले. गार असताना मीटर वाजला. चकती पाण्यात सोडली, मीटर गप्प झाला. "वा!" गाळेवाला म्हणाला. "मॅडम, तुम्ही इथंच या ना कामाला."

तेवढ्यात चाप सुटला आणि चकती पातेल्याच्या तळाशी गेली.

बाईंनी हात घातला.

चिमटा नाही, चमचा नाही, उघडा हात, त्या उकळत्या पाण्यात. आणि घालून झटकन काढला असता तर म्हटलं असतं चुकून झालं. त्या आत चाचपडत होत्या! मोहरीतून खडा शोधावा तशा सावकाश, नजर पातेल्यात लावून. वाफ त्यांच्या मनगटावरून वर येत होती आणि चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"ओ मॅडम! हात! हात!" गाळेवाला ओरडला. त्याच्या हातातला फोन खाली पडला. मी त्यांचं मनगट धरून ओढलं. बोटं लालभडक झाली होती. बाईंनी आधी आमच्या तोंडांकडं बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडं, आणि आमच्या तोंडांवर काय आहे ते कळल्यावर पटकन हात पदरात घेतला.

मग म्हणाल्या, "हं. जरा गरमच होतं."

अहो, ते 'हं' फारच उशिरा आलं. गाळेवाल्यानं पकडीनं चकती काढून कागदात गुंडाळून दिली. आम्हा दोघींपैकी कोणाकडंही न बघता त्यानं विचारलं, "मॅडमना लागत नाही काय हाताला?"

वाटेत मी डॉक्टरकडं स्कूटर वळवायला लागले तर बाई मागून म्हणाल्या, सरळ चल. घरी येऊन कोरफडीचा गर लावला. तोवर बोटांच्या टोकांना फोड धरले होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाई, आता मला खरं सांगा. तुम्हाला हाताला कळत नाही ना?"

"साखरेनं नसा मंदावतात," त्या म्हणाल्या. शिकवत असल्यासारख्याच. "आधी पाय, मग हात. त्यात नवल काही नाही."

त्या सांगत गेल्या. निखारा पायाखाली आला, तो त्यांना चटक्यानं कळला नव्हता. वास आल्यावर कळला. भांडी घासताना सुरी लागायची, ती पाणी लाल झालं की कळायची. कामाला बाई ठेवली असती तर तिला चार दिवसांत समजलं असतं आणि आठव्या दिवशी पुण्याला. म्हणून मशीन. म्हणून घरात बूट, म्हणून बादलीत तापमापक, म्हणून चहावर साय. वर्षभर मी ज्याला तऱ्हेवाईकपणा म्हणून हसत होते, नवऱ्याला नक्कल करून दाखवत होते, तो सगळा त्या बाईचा जीव वाचवायचा खटाटोप होता. मला रडू यायला लागलं आणि रागही आला. मी म्हटलं, "आणि वर मला शिकवता, हाताची साक्ष खोटी! अहो, उद्या गॅसवर पदर पेटला तर? मी आत्ता पुण्याला फोन लावते."

"लाव," बाई म्हणाल्या. "मग या केळी वाळताना वरून बघत बस. मी तिथं सातव्या मजल्यावर कुंडीला पाणी घालत बसेन. या घरात मी लग्न होऊन आले. इथलं मला सगळं न बघता माहीत आहे, दार कुठं, पायरी कुठं, विहिरीचा कठडा कुठं. तिथं मला पायाखाली काय आहे ते रोज नव्यानं शिकावं लागेल. आणि पायाला काही कळत नाही, म्हणजे शिकताही येणार नाही."

मी फोन केला नाही. अट होती म्हणून नाही. त्या बोलल्या त्यात मला एकही खोटा शब्द सापडला नाही, म्हणून. पण मी त्यांना बजावलं, की रविवारी तुमचा मुलगा यायचाच आहे, तोवर गॅस पेटवायचा नाही, जेवण वरून येईल. बाई म्हणाल्या, "तिखट कमी घाल."

रविवारी सकाळी आम्ही नवी चकती बसवायला घेतली. बाईंनी रबरी हातमोजे घातले होते, विजेच्या कामाला घालावेतच म्हणून. खरं कारण मला माहीत होतं. मी जमिनीवर आडवी, बाई टॉर्च धरून वर खुर्चीत, तोंडानं सूचना चालू. "चकती तळाला सपाट टेकली पाहिजे. मध्ये घाण नको, फडक्यानं पूस. आता आकडा अडकव. वायर ओढून बघ, ढिली नको." शेवटची पट्टी बसवताना एक स्क्रू त्या स्वतः लावायला वाकल्या. तो त्यांच्या चिमटीतून निसटून पडला तरी त्या पिळतच होत्या. मी तो गुपचूप उचलून लावला, आणि वर बघितलं तर दारात मुलगा उभा.

मला वाटलं, संपलं. पण त्यानं तेवढं बघितलं नव्हतं. त्यानं बघितलं ते एवढंच, की आई उघड्या मशीनसमोर टॉर्च घेऊन बसली आहे आणि भाडेकरीण तिच्या हुकमावर जमिनीवर लोळते आहे. तो हसतच आत आला. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, झाकण, पेले, अंडी, मीटर. पातेल्यात घातलेला हात तेवढा वगळला. मग मशीन चालवलं, आत एक अंडं. थांबल्यावर ते मुलानंच बाहेर काढलं आणि वाटीत फोडलं. पांढरं जेमतेम दुधाळ, बलक पिवळाधमक, वाहता.

"कमाल आहे तुझी!" मुलगा म्हणाला. "आई, मी उगाच तुझ्या मागं लागलो होतो. तू माझ्यापेक्षा धडधाकट आहेस. खरंच. घर बंद करायचा विषय संपला. पुन्हा काढणार नाही."

मला इतकं हायसं वाटलं की विचारू नका. जिंकल्या बाई! घर राहिलं, वाडी राहिली, आमचाही मुक्काम राहिला. गॅसचं काय करायचं, रोज खाली कोणी डोकवायचं, ते मी मनात ठरवायलाही लागले होते. मुलगा जेवला, वाडीत फेरी मारली, केळीचा एक फणा गाडीत ठेवला. निघताना आईच्या पाया पडला. बाई अंगणात उभ्या, मशीनचा पसारा आवरायचा राहिलाय म्हणून हातमोजे अजून घातलेलेच.

त्याच संध्याकाळी बाई त्याच्याबरोबर पुण्याला गेल्या, हे आत्ताच सांगून टाकते. घराला कुलूप लागलं. वाडी भावकीतल्या एकाकडं गेली, पुढं दोन-तीन महिन्यांत आम्हीही तिथून उठलो. पण जाण्याचा धक्का तसा लहान. मोठा धक्का त्याआधी अंगणात बसला, तो आजही उतरलेला नाही.

मुलगा गाडीचं दार उघडत होता. बाई म्हणाल्या, "थांब."

तो थांबला.

"मशीनचा निकाल बरोबर आला. त्यावरून तू माझा काढलास. तो चुकला," बाई म्हणाल्या आणि दातांनी धरून एकेक हातमोजा काढला.

मी आ वासून बघत राहिले. अहो, कोणी विचारलं नव्हतं! तो निघाला होता! दोन मिनिटं गप्प राहिल्या असत्या तर मरेपर्यंत त्या घरात राहिल्या असत्या. त्यानं संशय घेतला तेव्हा त्या त्याला वर्षभर हातोहात फसवत होत्या. पण त्यानं विश्वास ठेवून, स्वतः अंडं फोडून, चुकीचं उत्तर काढलं, ते मात्र त्यांच्याच्यानं बघवलं नाही.

मुलगा फोडांकडं बघत राहिला. "हे कधी झालं?"

"बुधवारी. उकळत्या पाण्यात. मला कळलं नाही. आधी पाय गेले, आता हात."

"कुठपर्यंत?"

"ते मी तपासलेलं नाही," बाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "एकटीला नीट तपासता येत नाही."

त्यानं आईचा हात हातात घेतला, फोड चुकवून बोटाच्या पेराशी हलका चिमटा काढला. "इथं?" बाई म्हणाल्या, "नाही." तळव्यावर. "इथं?" "नाही." मनगटावर जरा जोरात. "नाही." बाई त्याच्या बोटांकडं बघत होत्या, मग त्यांनी आपणहून डोळे मिटून घेतले, बघून उत्तर द्यायला नको म्हणून. तो इंच इंच वर सरकत होता. "इथं?" "नाही." "इथं?" "नाही." कोपराच्या थोडं खाली त्यानं चिमटा काढला आणि बाईंचे ओठ हलले.

"हं," त्या म्हणाल्या. "लागलं."

त्यानं हात तिथंच ठेवला.

"पुन्हा कर," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "तिथंच."

त्यानं पुन्हा केलं. मी अंगणात उभ्या उभ्या रडले.